लिटल हैतीतल्या छोट्या धंद्यांना मदत करताय? मग पैसे सगळ्यात शेवटी आणा

दक्षिण फ्लोरिडात राहणारे आपले काही मराठी लोक, कुणी अकाउंटंट, कुणी आयटीवाले, सुट्टीच्या दिवशी व्हॉलंटियर म्हणून मायामीच्या लिटल हैतीत किंवा नॉर्थ मायामीत जातात आणि तिथल्या हैतियन दुकानदारांना धंदा वाढवायला मदत करतात. तळमळ खरी असते पण कामाचा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. पहिल्याच शनिवारी वेबसाइट बनते, दुसऱ्या शनिवारी एलएलसी (म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी), मग कर्जाचा अर्ज, आणि मग कळतं की किचनला परवाना नाहीये, जागेचं लीज महिन्या-महिन्याचं आहे, आणि महिन्याला किती उरतात हे खुद्द मालकालाच माहीत नाही. अशा धंद्यात कर्ज आलं की ते धंदा वाढवत नाही, बुडवतं.

म्हणून खालचा क्रम धरा. सगळे आकडे फ्लोरिडा आणि मायामी-डेड काउंटीचे आहेत. बॉस्टनजवळच्या ब्रॉकटनमध्ये किंवा न्यूयॉर्कच्या फ्लॅटबुशमध्ये काम करत असाल तर क्रम हाच ठेवा, पण फी आणि परवाने तिथले बघा.

## जाण्याआधीची तयारी

एक साधी कागदी वही घ्या, दुकानदारासाठी, तुमच्यासाठी नाही. लॅपटॉप पहिल्या भेटीत पिशवीतच राहू दे.

क्रेयोल बोलणारा माणूस सोबत हवाच. इथे पहिली मोठी चूक होते, लोक फ्रेंच येणारा मित्र घेऊन जातात किंवा फ्रेंचमध्ये पत्रक छापून आणतात. हैतीत सगळे क्रेयोल बोलतात, फ्रेंच शाळेत शिकलेल्यांना येतं, आणि फ्रेंच कागद पुढे केला की समोरचा माणूस मान डोलावतो पण प्रश्न विचारत नाही. दुकानदाराच्या लहान मुलाला दुभाषी करू नका, आईची उधारी आणि कर्ज दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून ऐकणं दोघांनाही अवघड जातं. चर्चमधला एखादा तरुण किंवा कॉलेजात शिकणारी मुलगी मिळते, त्यांना वेळेचे पैसे द्या. आयआरएसच्या, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याच्या, वेबसाइटवर क्रेयोलमध्ये पानं आहेत, ती आधीच प्रिंट करून ठेवा.

तुम्ही काय करणार नाही हेही आधी ठरवा. इमिग्रेशनचा सल्ला देणार नाही, स्वतःच्या खिशातून उसने देणार नाही, कुठल्याही कागदावर मालकाच्या वतीने सही करणार नाही.

## पायरी १: आधी ओळख, मग विचारपूस

दुकानात शिरल्या शिरल्या 'बोंजू' म्हणा, दुपारनंतर 'बोंस्वा'. हे न म्हणता सरळ कामाचं बोललात तर तुम्ही उद्धट ठरता, मग पुढचं सगळं जड जातं. बाईंना 'मदान', पुरुषांना 'मेस्ये'. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारू नका, आपल्याकडे मारतो का?

पहिल्या भेटीत फक्त तीन गोष्टी विचारा. धंदा कसा चाललाय, सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची, आणि पुढच्या वर्षी या वेळेला काय झालेलं असावं असं वाटतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दरवेळी 'दुसरं दुकान' नसतं हो, पुष्कळ जणांना आहे तेच दुकान नीट चालवायचं असतं आणि रविवारी सुट्टी हवी असते. ते ध्येय छोटं समजू नका.

सावधान: व्हिसा, स्टेटस, देशात कसे आलात, यातलं काहीही विचारू नका आणि चुकून सांगितलं तरी वहीत लिहू नका. हैतियन लोकांना टीपीएस, म्हणजे तात्पुरतं संरक्षण, २०१० च्या भूकंपानंतर मिळालं, ते पुढे वाढत गेलं आणि २०२५ मध्ये सरकारने ते संपवायचं जाहीर केल्यावर प्रकरण कोर्टात गेलं. अशा वातावरणात अनोळखी माणसाच्या वहीत आपलं स्टेटस लिहिलेलं असणं हीच भीतीची गोष्ट आहे. त्यांनीच प्रश्न विचारला तर इमिग्रेशन वकिलाकडे किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडे पाठवा. 'नोटरी' पाटी लावलेल्या कुणाकडेही पाठवू नका. हैतीत नोटरी म्हणजे कायदा शिकलेला मोठा माणूस, अमेरिकेत नोटरी फक्त सही प्रमाणित करतो, आणि या गैरसमजावर फसवणारे लोक अख्खा धंदा चालवतात.

## पायरी २: नाव सगळीकडे एकच करून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे टाळतात आणि नंतर बँकेत अडकतात.

हैतियन कागदांवर आडनाव पुष्कळदा आधी लिहितात. शिवाय जाँ, पियेर, जोझेफ, लुई ही नावंही आहेत आणि आडनावंही, त्यामुळे अमेरिकन क्लार्क उलटसुलट टाकतो. जोडनावातली छोटी रेघ एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. मग पासपोर्टवर एक, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं, वीजबिलावर तिसरं. माणूस एकच, कॉम्प्युटरला तीन दिसतात.

पासपोर्ट, टॅक्सचा नंबर, लीज, बँक, सगळे कागद टेबलावर मांडा आणि नाव जसंच्या तसं उतरवून एकाखाली एक लिहा. जिथे फरक आहे तिथे खूण करा. पुढचा प्रत्येक फॉर्म कुठल्या स्पेलिंगने भरायचा ते एकदाच ठरवा, साधारणपणे पासपोर्टचं धरा, आणि ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

पासपोर्टची मुदत संपलीय का तेही आत्ताच बघा, मायामीत हैतीचं कॉन्सुलेट आहे पण नवा पासपोर्ट यायला वेळ लागतो आणि बँक जुना घेत नाही.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल आणि मिळण्यासारखा नसेल तर आयटीआयएन, म्हणजे आयआरएसने दिलेला टॅक्सचा नंबर, लागतो, फॉर्म डब्ल्यू-७, तो सहसा टॅक्स रिटर्नसोबतच जातो. मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायला लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे, त्यासाठी आयआरएसने नेमलेले सर्टिफाइड अॅक्सेप्टन्स एजंट असतात, ते पासपोर्ट बघून लगेच परत देतात.

तपासा: सगळ्या कागदांवर एकच नाव नसेल तर पायरी ४ ला जाऊ नका. पायरी ३ मात्र आजच सुरू करता येते.

## पायरी ३: तीन महिन्यांची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सॉफ्टवेअर नको, अॅप नको. मालक रोज रात्री दुकान बंद करताना स्वतःच्या हाताने लिहील अशी वही, क्रेयोलमध्ये.

रकाने पाच पुरेत: आलेली रोकड, कार्ड आणि फोनवरून आलेले पैसे, मालाचा खर्च, दुकानाचा बाकी खर्च, आणि घरी घेतलेले पैसे. पाचव्या रकान्यात दोन भाग करा, इथलं घर आणि हैतीला पाठवलेले. हा भाग महत्त्वाचा आहे. हैतीत राहणारी आई, भाऊ, भाच्यांच्या शाळेची फी, हे सगळं दुकानाच्या गल्ल्यातून जातं आणि कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून धंदा तोट्यात आहे असं वाटतं जेव्हा तो प्रत्यक्षात दोन घरं चालवत असतो. 'पाठवू नका' असं सांगायला जाऊ नका, तो तुमचा विषयच नाही. फक्त ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी गल्ल्यातून निघू दे, रोज थोडी थोडी नको. आणखी एक, १ जानेवारी २०२६ पासून रोख पैसे देऊन परदेशी पाठवलं तर १ टक्का फेडरल टॅक्स लागतो, बँक खात्यातून किंवा डेबिट कार्डने पाठवलं तर लागत नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं, सांगा.

आता 'सोल'. ही आपली भिशीच समजा, दहाबारा जण दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि एकेकाला पाळीने सगळी मिळते, चालवणाऱ्या बाईला मानमान सोल म्हणतात. आपले लोक, विशेषतः फायनान्सवाले, हे बघून नाकं मुरडतात आणि 'बँकेत ठेवा' म्हणतात. तसं करू नका. वर्षानुवर्षं एकही हप्ता न चुकवता सोल भरणारी बाई म्हणजे उत्तम कर्जदार, अडचण एवढीच की क्रेडिट ब्युरोला ते दिसत नाही. म्हणून सोलचं वेगळं पान करा: कुठल्या तारखेला किती भरले, पाळी कधी आली, किती मिळाले, मानमान सोलची सही. छोटं कर्ज देणाऱ्या संस्थांपैकी काही हे पान बघतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन अॅसेट फंडने तर हीच पद्धत लेंडिंग सर्कल म्हणून कागदावर आणली, त्यात भरलेला हप्ता क्रेडिट रिपोर्टवर जातो. जवळपास कुणी असं चालवत असेल तर एक पाळी तिकडे घालायला हरकत नाही.

सावधान: समजा सोलचे १२,००० डॉलर रोख मिळाले. १०,००० च्या वर रोख भरली की बँक सरकारला एक रिपोर्ट पाठवते, एवढंच होतं, त्याने काही बिघडत नाही. पण तो रिपोर्ट टाळायला आज ४,०००, परवा ४,०००, शुक्रवारी ४,००० असं तुकड्यांनी भरणं हा फेडरल गुन्हा आहे, पैसे अगदी घामाचे असले तरी. कुणीतरी मित्र हमखास हाच सल्ला देतो. सगळे एकदम भरा आणि सोलच्या पानाचा फोटो ठेवा.

तपासा: तीन महिन्यांनंतर मालकाला वही न उघडता सांगता आलं पाहिजे की महिन्याला सुमारे किती येतात, किती जातात, कुठला माल पैसे कमावतो आणि कुठला नुसता फळीवर बसतो. हे सांगता येईपर्यंत पुढचा मोठा खर्च नको.

## पायरी ४: नोंदणी आणि टॅक्सचे नंबर

वही चालू असतानाच हे करता येतं. आधी विचार करा की एलएलसी खरंच हवी का. फ्लोरिडात ती काढायला १२५ डॉलर, पण खरा खर्च पुढे आहे: दरवर्षी १ मे पर्यंत वार्षिक रिपोर्ट, १३८.७५ डॉलर, आणि एक दिवस उशीर झाला तरी ४०० डॉलर दंड. दंड भरला नाही तर सप्टेंबरअखेर कंपनीच रद्द. घरून गोड पदार्थ विकणाऱ्या बाईला पहिल्या वर्षी एलएलसीची गरज असतेच असं नाही, स्वतःच्या नावाने धंदा करून दुकानाचं नाव फक्त नोंदवलं तरी चालतं. त्याला ५० डॉलर लागतात, आधी वर्तमानपत्रात एक जाहिरात द्यावी लागते, आणि ते ५ वर्षं चालतं. पण भट्टी, गिऱ्हाइकांची ये-जा, कामगार असं सगळं असेल तर एलएलसी घ्या आणि विमाही घ्या. नुसत्या एलएलसीने सगळं झाकलं जात नाही.

मग ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर. हा आयआरएसकडून पूर्ण फुकट मिळतो, सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन असेल तर ऑनलाइन तिथल्या तिथे. दोन्ही नसतील तर एसएस-४ फॉर्म फॅक्सने किंवा पोस्टाने. याचे दीडशे-दोनशे डॉलर घेणाऱ्या साइट सर्चमध्ये सगळ्यात वर दिसतात, आपलेच व्हॉलंटियर तिथे क्लिक करतात म्हणून सांगतोय.

सेल्स टॅक्सची नोंदणी फ्लोरिडा महसूल खात्याकडे, तीही ऑनलाइन फुकट. मायामी-डेडमध्ये राज्याचा ६ आणि काउंटीचा १, मिळून ७ टक्के. किराण्याचे तांदूळ, राजमा, पीठ यावर टॅक्स नाही, पण शिजवून गरम दिलेल्या ताटावर आहे, आणि एकाच दुकानात दोन्ही विकत असतील तर गल्ल्याच्या मशीनमध्ये दोन बटणं वेगळी करा. नोंदणी झाली की रीसेल सर्टिफिकेट मिळतं, ते होलसेलवाल्याला दाखवलं की विकायला घेतलेल्या मालावर टॅक्स द्यावा लागत नाही. ते वापरायचंच राहून गेलंय असे दुकानदार सापडतात.

सावधान: गोळा केलेला सेल्स टॅक्स दुकानदाराचा नसतो. रोज रात्री तो बाजूच्या डब्यात किंवा दुसऱ्या खात्यात. आणि विक्री शून्य झाली तरी रिटर्न भरायचाच, नाहीतर किमान ५० डॉलर दंड येतो.

सावधान: नोंदणी झाली की सरकारी दिसणारी पत्रं येतात, 'सर्टिफिकेटसाठी इतके डॉलर भरा', 'लेबर लॉचं पोस्टर अनिवार्य'. घाबरून भरू नका, अशी सगळी पत्रं एका पाकिटात ठेवून पुढच्या भेटीत एकत्र बघा.

## पायरी ५: परवाने, विशेषतः खाण्याचे

आधी दुकान नेमकं कुठल्या शहरात येतं ते काढा. पत्त्यावर 'मायामी' लिहिलेलं असलं तरी जागा मायामी शहरात असेलच असं नाही, ती काउंटीच्या थेट कारभाराखालची असू शकते किंवा एल पोर्टल, नॉर्थ मायामी या वेगळ्या शहरांत. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या साइटवर पत्ता टाकला की कळतं. मायामी शहरात असेल तर सर्टिफिकेट ऑफ यूज लागतं, म्हणजे या जागेत हा धंदा चालेल असं शहराने लिहून देणं. त्यानंतर बिझनेस टॅक्स रिसीट, म्हणजे धंद्याच्या वार्षिक कराची पावती, शहराचीही आणि काउंटीचीही, दोन्ही. वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये घेतलीत तर लगेच पुन्हा भरावी लागते.

खाण्याच्या धंद्यात सगळ्यात जास्त गोंधळ.

घरच्या किचनमधून विकायला फ्लोरिडात कॉटेज फूडचा कायदा आहे. परवाना नको, तपासणी नको, वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत विक्री करता येते. पण काय विकता येतं ते बघा. तब्लेत म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, कोंपारेत म्हणजे आल्याचा गोड पाव, साधे केक, हे चालतं. ग्रियो चालत नाही कारण ते तळलेलं डुकराचं मांस. मांस भरलेला पाते चालत नाही. सूप जूमू, म्हणजे भोपळ्याचं सूप, चालत नाही. आणि पिकलिझ, कोबी-गाजर-मिरचीचं ते झणझणीत लोणचं जे प्रत्येक घरी बनतं आणि जे विकायची सगळ्यांची पहिली इच्छा असते, तेही चालत नाही, कारण लोणचं प्रकार या यादीच्या बाहेर आहे. क्रेमास या गोड पेयात रम असते, त्यामुळे तिथे दारूचा परवाना आला. यातलं बरंच काही लोक बाटल्या भरून चर्चबाहेर विकतात आणि तुम्ही मदत म्हणून त्यांचं इन्स्टाग्राम पेज काढून दिलंत तर विनापरवाना विक्रीचा पुरावाच फोटोसकट तयार होतो. म्हणून मार्केटिंग नंतर.

कॉटेज फूडच्या लेबलवर पदार्थाचं नाव, सगळे घटक, वजन, अॅलर्जीचे पदार्थ, धंद्याचं नाव-पत्ता आणि 'हे घरगुती किचनमध्ये बनलंय, फ्लोरिडाचे अन्नसुरक्षा नियम याला लागू नाहीत' या अर्थाचं कायद्यात दिलेलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्या दुकानाला होलसेल देता येत नाही, थेट गिऱ्हाइकालाच.

पिकलिझच विकायचं असेल तर परवाना असलेलं भाड्याचं किचन शोधा आणि राज्याच्या कृषी खात्याकडून फूड परमिट घ्या. रेस्टॉरंट किंवा फ्रिताय म्हणजे तळणाचं दुकान असेल तर हॉटेल-रेस्टॉरंट विभागाचा परवाना लागतो, आणि जागा नव्याने बदललेली किंवा वर्षभर बंद असेल तर आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. तळणाच्या तेलासाठी ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, आणि काउंटीच्या पर्यावरण खात्याचं परमिट. हा खर्च हजारोंत जातो आणि लीजवर सही झाल्यावरच कळतो, हीच ती चूक.

केसांच्या वेण्या घालणाऱ्या बायकांसाठी मात्र चांगली गोष्ट, १ जुलै २०२० पासून फ्लोरिडात त्याला लायसन्स लागत नाही. केस कापणं, केमिकल लावणं याला अजूनही लागतं.

तपासा: प्रत्येक परवान्याचा नंबर, संपायची तारीख आणि ज्या नावावर आहे ते नाव वहीत लिहिलंय का? नाव पायरी २ मधलंच आहे का?

## पायरी ६: लीज

लिटल हैती समुद्रापासून आत, थोड्या उंच जमिनीवर आहे, शेजारी डिझाइन डिस्ट्रिक्ट आणि विनवुड. त्यामुळे बिल्डरांचं लक्ष तिथे आहेच, २०१९ मध्ये शहराने मॅजिक सिटी इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट या मोठ्या प्रकल्पाला मंजुरी दिली. अशा भागात तोंडी बोलीवर किंवा महिन्या-महिन्याच्या भाड्यावर बसलेल्या दुकानाला फ्लोरिडाच्या कायद्याने महिना संपायच्या फक्त १५ दिवस आधी नोटीस देऊन बाहेर काढता येतं. पंधरा दिवस! ओव्हन, फ्रिज, पाटी, गिऱ्हाइकं, सगळं घेऊन. अशा दुकानात कर्जाचे पैसे घालून नवं फर्निचर करायला लावणं मला तरी अन्याय वाटतो.

मालकाशी बोलताना या गोष्टी मागा, याच क्रमाने. निदान तीन वर्षांची मुदत. पुढे वाढवण्याचा हक्क भाडेकरूकडे, आणि त्या वेळचं भाडं किती वाढेल याची मर्यादा आत्ताच लिहून. इमारत पाडायची किंवा विकायची झाली तर किमान सहा महिने नोटीस आणि जागा हलवायचा काही खर्च. मालकाचा प्रॉपर्टी टॅक्स, विमा, दुरुस्ती भाडेकरूच्या डोक्यावर असेल तर मागच्या वर्षीचे खरे आकडे बघा, फ्लोरिडात विमा भाड्यापेक्षा जास्त जाच करतो. आणि परवाना मिळाला नाही तर लीज रद्द करता येईल असं कलम, हे खाण्याच्या धंद्यात सोडूच नका.

सगळं मिळणार नाही. मुदत आणि परवान्याचं कलम, या दोन्हींवर अडून बसा.

भाड्याच्या बिलावर सेल्स टॅक्स दिसतोय का तेही बघा. दुकानाच्या भाड्यावरचा राज्याचा टॅक्स १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालाय, पण जुन्या सवयीने कुणी लावत असेल तर नम्रपणे दाखवून द्या.

सावधान: सही करण्याआधी वकिलाला दाखवा, कायदेविषयक मोफत मदत देणाऱ्या संस्थांकडे छोट्या धंद्यांसाठी वेळ मिळतो. तुम्ही स्वतः कितीही कॉन्ट्रॅक्ट वाचलेली असली तरी हे तुमचं काम नाही.

## पायरी ७: आता पैसे

इथपर्यंत आलात म्हणजे वही आहे, परवाने आहेत, जागा निदान तीन वर्षं पक्की आहे. आता कशासाठी हवेत ते एका वाक्यात लिहून घ्या. 'धंदा वाढवायला' हे उत्तर नाही. 'दुसरा फ्रायर, ३,२०० डॉलर, त्याने शनिवारी रांगेतून निघून जाणारी गिऱ्हाइकं थांबतील', हे उत्तर आहे.

सुरुवात स्वतःच्या आणि सोलच्या पैशांनी. मग अनुदान: मायामी-डेडमध्ये मॉम अँड पॉप नावाचा कार्यक्रम आहे, कमिशनरच्या डिस्ट्रिक्टप्रमाणे छोटी रक्कम मिळते, अर्जाची मुदत थोडे दिवसच असते आणि बिझनेस टॅक्स रिसीट नसेल तर अर्ज बादच. बघा, पायरी ५ इथे उपयोगाला आली. त्यानंतर लहान कर्ज देणाऱ्या ना-नफा संस्था, उदाहरणार्थ बायकांच्या गटांना कर्ज देणारी 'ग्रामीण अमेरिका' नावाची संस्था. बँक सगळ्यात शेवटी. एसबीएच्या, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या फेडरल खात्याच्या, कर्जांसाठी मालकाच्या इमिग्रेशन स्टेटसच्या अटी २०२५ पासून कडक झाल्यात, त्या दिवशीचा नियम वाचल्याशिवाय अर्ज भरू नका, खोटी आशाही लावू नका. अर्ज भरण्याआधी छोट्या धंद्यांना सल्ला देणाऱ्या संस्थांना, म्हणजे फ्लोरिडा एसबीडीसीच्या सल्लागाराला किंवा स्कोअरच्या मेंटॉरला, वही दाखवा, दोन्ही फुकट आहे.

मर्चंट कॅश अॅडव्हान्सपासून, म्हणजे पुढच्या कमाईतून कापून घेतल्या जाणाऱ्या उचलीपासून, मात्र हात जोडून दूर ठेवा. फोन येतो, 'उद्या खात्यात पैसे, क्रेडिट बघत नाही'. गणित करून दाखवा: २०,००० मिळाले, फॅक्टर १.३५, म्हणजे परत २७,०००. सहा महिन्यांत, कामाच्या दर दिवशी साधारण २१४ डॉलर खात्यातून आपोआप जातात, पाऊस असो, वादळ असो. '३५ टक्के' ऐकायला येतं पण वार्षिक दर शंभर टक्क्यांच्या वर जातो. आधीच कुणी घेतलं असेल तर रागावू नका, पहिलं फिटायच्या आत दुसरं घेऊ नका एवढं पटवा आणि कागद वकिलाकडे न्या.

तपासा: सगळ्यात वाईट महिन्याच्या वहीत हप्ता बसतो का? सरासरी महिना बघू नका.

## पायरी ८: गिऱ्हाईक

हे थोडक्यात, कारण याची माहिती दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त असते. गूगल मॅपवर नाव, वेळ, फोन बरोबर करा. व्हॉट्सअॅप बिझनेस लावा आणि मेन्यू फोटोऐवजी क्रेयोलमधल्या व्हॉइस नोटने पाठवायला सांगा, लोक वाचण्यापेक्षा ऐकतात. क्रेयोल रेडिओ आणि चर्च यांना इन्स्टाग्राम पर्याय नाही.

माल भरायचा तो कॅलेंडर बघून. १ जानेवारीला स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी सूप जूमू घरोघरी, म्हणजे भोपळ्याची ऑर्डर डिसेंबरच्या मध्यापर्यंत द्यायला हवी. मे महिना तर सोन्याचा: अमेरिकन मदर्स डे, १८ मेचा ध्वजदिन, आणि शेवटच्या रविवारी हैतियन मदर्स डे. सलून, बेकरी, फुलवाले यांनी एप्रिलमध्येच जादा माणसं ठरवावीत. आणि १ जूनला वादळाचा सिझन लागतो तो ३० नोव्हेंबरपर्यंत, मेची कमाई सगळी मालात न घालता दोन आठवडे दुकान बंद राहिलं तरी भाडं निघेल एवढी बाजूला ठेवायला सांगा.

## पायरी ९: सगळं मालकाच्या हातात द्या

व्हॉलंटियर घाईत सगळीकडे स्वतःचा ईमेल टाकतो, कारण मालकाला ईमेल बघायची सवय नसते. मग तो नोकरी बदलून टेक्ससला जातो, वार्षिक रिपोर्टची आठवण त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते आणि इकडे ४०० डॉलर दंड लागतो.

म्हणून जाण्याआधी मालकासोबत बसून प्रत्येक खातं उघडा, सनबिझ (राज्याची कंपनी नोंदणीची साइट), महसूल खातं, बँक, गूगल, आणि ईमेल-फोन मालकाचा किंवा घरातल्या मोठ्या मुलाचा आहे ना ते बघा. पासवर्ड मालकाने स्वतः टाईप करायचा, तुम्ही बघायचं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाच्या तारखा क्रेयोलमध्ये उतरवा: १५ जानेवारी, १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर फेडरल टॅक्सचे हप्ते, १ मे वार्षिक रिपोर्ट, २० तारखेआत सेल्स टॅक्स, ३० सप्टेंबरआधी बिझनेस टॅक्स रिसीट. त्या पानाचा फोटो काढून मालकाच्या फोनमध्ये ठेवा आणि पुढचा सेल्स टॅक्स रिटर्न त्यांना स्वतः भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.